मढातालची फॉर्मॅटविद्या

जबलपूरचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गढा-मंडल्याच्या गोंड राजवंशापासून आरंभ करून, १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी ते राज्य कसे बुडविले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली कसा आला, १८१७-१८ च्या धामधुमीत कंपनी सरकारने तो कसा हस्तगत केला आणि १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळास जाऊन उच्च न्यायालय तेवढे या शहराच्या पदरी कसे पडले, हा सर्व वृत्तांत सनावळ्यांसह नमूद करून ठेविला आहे. तोफगाड्यांचा कारखाना, भेडाघाटचा संगमरवर आणि विड्यांचा व्यापार यांचीही कोणी उपेक्षा केलेली नाही. परंतु गेल्या तीसएक वर्षांत ज्या एका विद्येवर मढातालातील जयंती कॉम्प्लेक्सच्या चिंचोळ्या गाळ्यांतून अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालला आणि जिच्यावाचून या शहरातील वकिलाचे दफ्तर, टंकलेखकाचे दुकान व विद्यार्थ्याची खोली यांपैकी एकाचेही पान हलत नसे, त्या विद्येची नोंद कोणत्याही गॅझेटियरात माझ्या पाहण्यात नाही. ती विद्या म्हणजे बिघडलेल्या संगणकातील कार्यप्रणाली समूळ पुसून ती नव्याने बसविणे. बाजारात तिला ‘फॉर्मॅट मारणे’ म्हणतात.

या शहराचा पिंडच मुळी दुरुस्तीचा आहे. १९०४ मध्ये येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियास दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, १९६९ मध्ये वाहन कारखाना येऊन तेथून शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या सैन्यास मिळू लागल्या, आणि लष्कराची जी मोठी कार्यशाळा येथे आहे तिचे तर कामच मोडलेले पुन्हा चालते करण्याचे. अशा गावात ज्या घरातील वडील, काका किंवा मामा ‘फॅक्टरीत’ नाही असे घर विरळा; आणि फॅक्टरीतून घरोघर आलेली समजूत अशी की यंत्र बिघडले म्हणजे ते टाकून द्यावयाचे नसते, उघडावयाचे असते. दुसरी परंपरा तारायंत्राची. १९४२ मध्ये टपाल व तार खात्याने येथे आपले प्रशिक्षण केंद्र काढले. आज रिज रोडवर भारतरत्न भीमराव आंबेडकरांच्या नावाने चालणारी दूरसंचार प्रशिक्षण संस्था ती हीच. १९४७ मध्ये सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, आणि देशात दूरसंचार अभियांत्रिकीचे शिक्षण ज्या ठिकाणी अगदी प्रारंभी मिळू लागले त्यांत त्याची गणना होते.

दूरसंचार खात्याचा येथे उल्लेख करण्याचे कारण निराळे आहे. १९८० नंतर जी इलेक्ट्रॉनिक टेलिफोन एक्स्चेंजे देशात आली, प्रथम फ्रेंच बनावटीची आणि मागाहून १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या स्वदेशी संस्थेची, त्यांचा सारा व्यवहार तारा आणि रिले यांच्यावर नसून एका प्रोग्रामवर चाले. तो प्रोग्राम बिघडला तर एक्स्चेंज मुके होई. म्हणून त्याची अस्सल प्रत चुंबकीय फितीवर उतरवून ठेवावी, प्रसंग पडताच फितीवरून ती यंत्रात पुन्हा चढवावी, आणि फितीची नक्कल निराळ्या कपाटात कुलूपबंद असावी, हा सरकारी जाबता होता. ज्यास आज आपण कार्यप्रणालीची पुनःस्थापना म्हणतो तिचे संपूर्ण तत्त्व या जाबत्यात आले आहे. अस्सल प्रत कोठे आहे, आणि ती कोणाच्या ताब्यात आहे? पुढे संगणक घरोघर गेले, फ्लॉपी गेली, सीडी आली, सीडीही गेली. पण या व्यवसायाचा इतिहास ज्या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला तो हाच.

याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. संगणकाची कळ दाबल्याबरोबर त्यास काहीच ठाऊक नसते. मदरबोर्डावरील एका चिपमध्ये कोरलेला लहानसा प्रोग्राम जागा होतो, स्मृती व कळफलक ठिकाणावर आहेत ना एवढे पाहतो, आणि मग, जुन्या यंत्रांत, हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात जाऊन पुढचा हुकूम काय आहे ते वाचतो. तेथे हुकूम मिळाला तर विंडोज उभी राहते. तो कप्पा खराब झाला असेल, पुसला गेला असेल, किंवा हुकुमाप्रमाणे ज्या फायली उचलावयाच्या त्याच नाहीशा झाल्या असतील, तर काळ्या पडद्यावर एका ओळीचा निरोप येऊन काम थांबते. ती ओळ वाचून दुकानदार, वकील आणि प्राध्यापक हे सारखेच हतबल होत असत, आणि मग रिक्षात सीपीयूचा डबा मांडीवर घेऊन त्यांचे मढातालाकडे प्रस्थान होई.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्या जाळ्याने जोडण्यास आरंभ केला आणि कलेक्टर कचेऱ्यांतून संगणक दिसू लागले. ते वातानुकूलित खोलीत, पादत्राणे बाहेर काढून पाहण्याचे दैवत होते. बाजाराशी त्याचा संबंध नव्हता. बाजाराचा संगणक आला तो १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर, आणि तो बहुधा ‘असेंबल्ड’ होता. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचे नेहरू प्लेस या दोन पेठांतून मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क आणि कॅबिनेट असा सुटा माल येई. मुंबईचा माल ज्या लोहमार्गाने येई तो १८७० च्या मार्चमध्ये जबलपूरलाच दोन कंपन्यांचे रूळ मिळून मुंबई-कलकत्ता असा अखंड झालेला मार्ग होय. दिल्लीचा माल महाकोशल एक्सप्रेसने. मढातालातील पोरे तो जोडीत. नावात ताल असलेल्या या पेठेत पाण्याचा थेंब उरलेला नाही हे जबलपूरकरांस सांगावयास नको. बावन तलावांच्या या शहरात अनेक तलावांची हीच गत झाली.

अशा रीतीने जोडलेल्या यंत्राबरोबर कार्यप्रणालीची अस्सल प्रत येत नसे, ही या व्यवसायाच्या जन्मामागची खरी गोष्ट आहे. प्रत असे ती मिस्त्रीजवळ. त्याच्या कमरेच्या किंवा खांद्यावरच्या कापडी पिशवीत एक स्क्रू ड्रायव्हर, एक मऊ ब्रश, रॅमच्या टोकांवरील मळ काढण्याचे खोडरबर, एक बूट फ्लॉपी आणि काळ्या मार्करने नाव घातलेल्या दोन-चार सीडी असत. आणि ज्याच्याजवळ अस्सल प्रत त्याच्याच हाती यंत्राचे जीवन, हा न्याय दफ्तरांच्या जगात फार जुना आहे. मराठ्यांच्या अमदानीत कुळकर्ण्याने दफ्तर घेऊन पोबारा केला तर मामलेदाराची वसुली अडत असे. येथे मिस्त्री दोन दिवस लग्नास गेला तर वकिलाचा युक्तिवाद अडे.

विंडोज ९८ च्या काळातील विधी आता सांगितला पाहिजे, कारण तो करणारे हात अद्याप आहेत, परंतु तो पाहिलेली डोकी कमी होत चालली आहेत. प्रथम बूट फ्लॉपी घालावयाची. तिच्या कोपऱ्यातील खिडकी उघडी आहे ना, म्हणजे विषाणूस तिच्यावर लिहिता येणार नाही ना, हे बोटाने चाचपूनच. पडदा काळा होऊन पांढरी अक्षरे उमटली म्हणजे ‘एफडिस्क’ लिहून डिस्कचे विभाग पाहावयाचे. मग ‘फॉर्मॅट सी कोलन’. यंत्र विचारी की या विभागातील सर्व मजकूर नष्ट होणार, पुढे जाऊ का. आणि येथे चांगला मिस्त्री कळीवरचे बोट थांबवून गिऱ्हाइकाकडे वळून पाही. “काकू, डीमध्ये जे आहे ते राहील. डेस्कटॉपवर काही ठेवले असेल तर ते जाईल, आधीच सांगा.” गोलबाजारच्या दत्तमंदिराजवळ राहणाऱ्या मराठी कुटुंबात हे वाक्य जसे मराठीत बोलले जाई तसेच राइट टाउनात हिंदीत आणि नेपियर टाउनात निम्म्या इंग्रजीत, पण बोट थांबविण्याचा तो क्षण सर्वत्र एकच. होकार मिळाला की टक्क्यांचा आकडा चढू लागे. मग सीडीचा चालक-प्रोग्राम चढवून स्थापना सुरू करावयाची, पंचवीस अक्षरांची किल्ली पाठ म्हणून टाकावयाची, आणि शेवटी ध्वनी, चित्र व मॉडेम यांचे ड्रायव्हर एकेक करून बसवावयाचे. ड्रायव्हरची सीडी गिऱ्हाइकाने हरविलेली असे. तेव्हा मिस्त्री डबा उघडून कार्डावरील चिपचा क्रमांक विजेरीच्या उजेडात वाची, आणि बाजूच्या गाळ्यातून तशाच कार्डाची सीडी उसनी आणी. विंडोज ९८ स्वतः आपल्या नोंदवहीच्या पाच प्रती दररोज फिरत्या क्रमाने जपून ठेवी व एका आज्ञेने मागील दिवसाची प्रत परत बसवून देई. कित्येक रोग तेवढ्याने बरे झाले असते. परंतु ती आज्ञा वापरणारा मिस्त्री विरळा, कारण गिऱ्हाईक पैसे देई ते पूर्ण फॉर्मॅटचे.

याच काळात मढातालने, कोणी न शिकविता, एक व्यवस्था रूढ केली, तिचे श्रेय मला मुद्दाम द्यावेसे वाटते. डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करावयाचे. सीमध्ये विंडोज, डीमध्ये गिऱ्हाइकाचा मजकूर. आणि डीच्याच एका कोपऱ्यात विंडोजच्या सीडीवरील स्थापनेचा फोल्डर जसाच्या तसा उतरवून ठेवावयाचा, म्हणजे पुढच्या वेळी सीडीवर ओरखडा असला तरी अडत नाही आणि स्थापनाही जलद होते. ही पद्धत एकट्या जबलपूरची होती असा माझा दावा नाही. हिंदुस्थानातील बहुतेक शहरांत ती चालू होती. पण तत्त्व पाहिले तर, यंत्राने आपली अस्सल प्रत आपल्याच पोटात वागवावी, हा जो शोध मोठमोठ्या कंपन्यांनी काही वर्षांनी मोठ्या थाटाने बाजारात आणला, त्याचे गरिबी रूप गाळ्यागाळ्यांतून आधीच नांदत होते.

फॉर्मॅटचे प्रमाण जबलपुरात एवढे का वाढले, याचे एक कारण विजेत आहे, आणि त्यातील उपरोध जबलपूरकरांच्या नजरेतून सुटलेला नाही. राज्याच्या विद्युत मंडळाचे मुख्यालय याच शहरात, रामपूरच्या शक्तिभवनात होते. तथापि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले, कोरब्याची मोठी वीजकेंद्रे तिकडे गेली, आणि उरलेल्या मध्य प्रदेशात वीजकपात हा नित्याचा विषय होऊन २००३ च्या डिसेंबरातील सत्तांतरापर्यंत तो जाऊन पोचला. त्या काळच्या घरगुती संगणकातील फायलींची मांडणी ‘फॅट-३२’ पद्धतीची असे. तीत कोणता बदल अर्धवट राहिला याची नोंद ठेवणारी वही नसते. लिहिता लिहिता वीज गेली की कोष्टक विस्कटे, पुन्हा सुरू करताना निळ्या पडद्यावर डिस्क तपासण्याचे लांबलचक काम चाले, आणि असे दहा वेळा झाले की अकराव्या वेळी विंडोज उठतच नसे. यूपीएस घेण्याची ऐपत ज्याची होती त्याने ते घेतले. ज्याची नव्हती त्याने मिस्त्रीचा फोन नंबर कळफलकाखाली चिकटवून ठेवला. वीज असून नसे, म्हणून मढाताल चालले, असे म्हणण्यास हरकत नाही.

विषाणूंचा उपद्रव वेगळाच. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ नावाचा, तैवानातील एका विद्यार्थ्याने लिहिलेला विषाणू जगभर एकाच दिवशी फुटला. तो डिस्कचा पहिला भाग शून्यांनी भरून टाकी आणि काही यंत्रांत मदरबोर्डावरील चिपदेखील पुसून टाकी, म्हणजे ज्या प्रोग्रामने हुकूम वाचावयाचा तोच नाहीसा. अशा यंत्रावर फ्लॉपी, सीडी, फॉर्मॅट काहीच चालत नसे. या उपद्रवातून दुरुस्तीचा धंदा कोठवर जाऊ शकतो याचे उदाहरण पुण्यात आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर हे कॅलक्युलेटर व रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर. त्यांनी आपले दुरुस्तीचे दुकान काढले, धाकटे बंधू संजय यांनी विषाणूनाशक प्रोग्राम लिहिला, आणि त्या दुकानाची पुढे ‘क्विक हील’ ही कंपनी झाली. मढातालातून तसे काही निघाले नाही, याचा विषाद मानणारे लोक येथे आहेत. मला तो मानावासा वाटत नाही, कारण प्रत्येक चांगल्या वैद्याने औषधाचा कारखाना काढलाच पाहिजे असा काही दंडक नाही.

२००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आली आणि व्यवसायाची भरभराट झाली. तिची मांडणी ‘एनटीएफएस’ पद्धतीची असल्याने वीज गेली तरी कोष्टक सहसा विस्कटत नसे, पण विषाणू आणि इंटरनेट कॅफे यांनी ती कसर भरून काढली. स्थापनेच्या वेळी निळ्या पट्टीवर ‘३९ मिनिटे बाकी’ असा आकडा येई. तो कधीही खरा ठरत नसे. तथापि गिऱ्हाइकास चहाला पाठविण्यास तेवढा आधार पुरे होई. याच सुमारास ‘घोस्ट’ नावाचा, मूळचा न्यूझीलंडातील प्रोग्राम सर्वत्र पसरला. एका यंत्रावर सर्व काही बसवून त्याचे पूर्ण चित्र एका फायलीत घ्यावयाचे आणि ते दुसऱ्यावर उतरवावयाचे. जेथे दीड तास लागे तेथे पंधरा मिनिटे. इंटरनेट कॅफे, टायपिंग इन्स्टिट्यूट आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा यांचे वार्षिक देखभालीचे करार घेणाऱ्यांचे भाग्य या फायलीने उजळले.

अस्सल प्रतीच्या अस्सलपणाबद्दल मात्र बोलणे भाग आहे. मिस्त्रीच्या पिशवीतील बहुतेक सीडी परवान्याच्या नसत. एक्सपी बाजारात येण्यापूर्वीच मोठ्या कंपन्यांसाठी काढलेली एक किल्ली फुटली होती आणि ती जगभरच्या मिस्त्रींना गायत्रीप्रमाणे मुखोद्गत होती. चोरी ती चोरी, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु यंत्राच्या किमतीचा केवढा तरी हिस्सा पुन्हा एका सीडीसाठी मोजणारा कारकून तेव्हा जबलपुरात नव्हता आणि पुण्यातही नव्हता. ज्यांच्या मनास हे डाचे त्यांस २००५ पासून काही वर्षे एक सन्मार्ग उपलब्ध होता: ‘उबंटू’ या मुक्त प्रणालीची सीडी मागणी नोंदविताच टपालाने विनामूल्य घरपोच येई, आणि ती स्थापनेवाचूनही यंत्र सुरू करून देई. पुढे मिस्त्रींनी ती विंडोज मेलेल्या यंत्रातील फोटो बाहेर काढण्यासाठीच अधिक वापरली.

विंडोज नव्याने बसली म्हणजे काम संपले असे हिंदी-मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत होत नसे, आणि हा भाग कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. उच्च न्यायालयाच्या परिसरातील टंकलेखकांचे सारे अर्ज ‘कृतिदेव’ फॉन्टात. मराठी मंडळांची पत्रके आणि लग्नपत्रिका ‘श्री-लिपी’त, जिची हार्डवेअर कुलुपाची खुंटी यंत्राच्या मागे खोचलेली असे. फॉर्मॅटनंतर फॉन्ट गेले की मजकूर असूनही नसल्यासारखा: पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता कडबा. टंकलेखक घाबराघुबरा होऊन परत येई आणि म्हणे की अर्जच खराब झाले. मिस्त्री फॉन्टची फाईल टाकी आणि अर्ज जिवंत होत. युनिकोडची कथा याहून विचित्र. एक्सपीमध्ये देवनागरीची सोय होती, परंतु ती झोपविलेली. नियंत्रण पटलात जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फायली बसवा अशा चौकटीत खूण करावी लागे, आणि खूण करताच यंत्र विचारी: मूळ सीडी घाला. म्हणजे आपल्याच भाषेतील वर्तमानपत्र वाचण्यासाठी पुन्हा अस्सल प्रतीकडे धाव. ती खूण आधीच करून देणारा मिस्त्री कोणता, हे जबलपुरातील मराठी मंडळींस ठाऊक असे आणि त्याची शिफारस हळदीकुंकवापर्यंत जाई. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून ती सोय आपोआप मिळू लागली.

आता या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण. नव्या शतकाच्या आरंभी नाममुद्रांकित लॅपटॉप येऊ लागले आणि त्यांच्या बनविणाऱ्यांनी सीडी देणे हळूहळू बंद केले. तिच्या जागी डिस्कच्याच एका राखीव विभागात संपूर्ण कार्यप्रणाली, ड्रायव्हरांसह, बंदिस्त करून ठेवली. आयबीएमच्या थिंकपॅडवर त्यासाठी एक निळी कळ होती; एचपीवर सुरू होताना एफ-११ दाबावे, एसरवर ऑल्टसह एफ-१०; लेनोवोने पुढे बाजूस एक बारीक छिद्र ठेवले, त्यात टाचणी घालावयाची. यंत्र कारखान्यातून निघाले त्या दिवशीच्या स्थितीत स्वतःच परत जाई, परवान्यासह, ना किल्ली ना ड्रायव्हरची शोधाशोध. असा लॅपटॉप मढातालात पहिल्या बिघाडास आला की मिस्त्री काय करी? सवयीप्रमाणे सीडी घाली, विभागांची यादी काढी, ‘रिकव्हरी’ नावाचा अनोळखी विभाग पाही, “काका, कंपनीने उगाच दहा जीबी अडकवून ठेवलेत, मोकळे करून देतो” असे म्हणे आणि तो पुसून टाकी. मालक संतुष्ट होई. परवान्याची अस्सल प्रत पुसून तिच्या जागी बिनपरवान्याची नक्कल बसे, आणि त्या सेवेचे पैसेही मालकच देई.

हे लबाडीने झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या मिस्त्रींनी डीमध्ये स्थापनेचा फोल्डर ठेवण्याची युक्ती चालविली त्यांनीच हा विभाग पुसला, यात विसंगती दिसते. पण कारण साधे आहे. डीमधील फोल्डर त्यांनी ठेवलेला होता. राखीव विभाग परक्याने. शिवाय पैसे मिळत ते सीडीचे आणि दीड तासाचे; एक कळ दाबून द्यावयाची तर बिल कशाचे करणार? धंदा ज्या अडचणीवर उभा असतो ती अडचण दूर करणारे साधन त्या धंद्यास निरुपयोगीच दिसावयाचे, आणि लॅपटॉपच्या मालकाने माहितीपुस्तिकेचे ते पान कधी उघडलेले नसे.

कंपन्यांनी मग तो विभाग मिस्त्रीच्या हातातून काढून घेण्याचाच मार्ग धरला. २०११ च्या जुलैमध्ये अॅपलने मॅकच्या नव्या प्रणालीबरोबर सीडीची गरज संपविली. सुरू होताना कमांड आणि आर या कळा धराव्या, आणि डिस्क संपूर्ण कोरी असली तरी नव्या यंत्रांनी इंटरनेटवरून स्वतःची प्रणाली मागवावी. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ‘फायली राखून’ किंवा ‘सर्व काढून टाकून’ पुन्हा बसविण्याची दोन बटणे सेटिंग्जमध्येच आली, आणि परवान्याची किल्ली मदरबोर्डावरील चिपमध्ये कोरलेली येऊ लागली. विंडोज १० ने राखीव चित्राची गरजही कमी केली: चालू प्रणालीच्याच फायलींच्या साठ्यातून ती आपली नवी प्रत घडवी, आणि २०२० पासून ती प्रत थेट कंपनीच्या भांडारातून उतरवून घेण्याचा पर्याय मिळाला. यंत्र उभेच राहत नसेल तर लागोपाठ काही वेळा सुरू होण्यात अपयश आले की पुनःप्राप्तीचा निळा पडदा आपोआप येतो. प्रश्न तोच, अस्सल प्रत कोणाच्या ताब्यात. उत्तर आता असे की कंपनीच्या, आणि मालकाने आपले खाते, आपला पासवर्ड व चांगले इंटरनेट घेऊन तिच्या दारात उभे राहावे.

या व्यवस्थेचाही एक दिवस आला. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फायलीने जगातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांस हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. उपाय साधा होता: पुनःप्राप्तीच्या पडद्यात जाऊन एक फाईल काढून टाकावयाची. परंतु तो प्रत्येक यंत्रासमोर बसून करावयाचा होता, आणि डिस्क कुलूपबंद असेल तेथे अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली आधी द्यावी लागे. जिने ती नोंदवून ठेवली नव्हती अशी कचेरी हात चोळीत बसली. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि त्याच दिवशी विंडोज ११ साठी निघालेल्या सुधारणेने पुनःप्राप्तीच्या पडद्यावर यूएसबीचे कळफलक आणि माऊसच निकामी करून ठेवले. खोली उघडी, आत औषध, आणि हात बांधलेले. काही दिवसांत दुरुस्ती निघाली, पण तोवर मढातालचे जुने पेनड्राइव्ह पुन्हा उपयोगी पडले असतील, अशी माझी खात्री आहे.

आज जयंती कॉम्प्लेक्समध्ये संगणकापेक्षा मोबाईलची गर्दी अधिक आहे, आणि तेथे ‘फॉर्मॅट’ऐवजी ‘सॉफ्टवेअर मारणे’ चालते. संगणकाचे जे काम येते ते मजकूर वाचविण्याचे, कुलूपबंद डिस्कचे, आणि ज्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही त्यांचे. फॉर्मॅटचे भाव पडले. पहिल्या पिढीतील मिस्त्रींपैकी काहींनी सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याचा धंदा धरला, काही मुलांच्या दुकानात खुर्ची टाकून बसतात.

त्यांना विचारून लिहून घेण्याची वेळ मात्र हीच आहे. फ्लॉपीवरील चुंबकीय थर उडून जातो, घरी जाळलेल्या सीडीचा रंग फिका पडून ती वाचता येईनाशी होते, आणि दुकानाची जुनी बिलबुके रद्दीत जातात. अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी एखाद्या सुटीत मढातालात बसून या लोकांची बोलणी टिपून घेतली, आणि जबलपूरच्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांच्या माळ्यावर तेव्हाची एखादी बूट फ्लॉपी, ड्रायव्हरची सीडी किंवा हाताने लिहिलेले फॉर्मॅटचे बिल पडून असेल त्यांनी ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणून दिले, तर या शहराच्या पुढील गॅझेटियरात निदान एक परिच्छेद लिहिता येईल.